निमुळती पँट आणि खादीचा झब्बा

प्रल्हादने गुडघे न वाकवता सोफ्यावर बसून दाखवलं. पाठ ताठ ठेवून, दोन्ही पाय काठ्यांसारखे पुढे ताणून तो मागे कलंडला आणि उशीवर आदळला. ऐंशीच्या घरातली कंबर त्या धक्क्याने कळवळली असणार, पण चेहऱ्यावरचं हसू त्याने ढळू दिलं नाही.

"असं बसायचो आम्ही," तो नैनाला म्हणाला. "पँट इतकी निमुळती, की गुडघा वाकवला की शिवण गेलीच. कितीतरी पिक्चर मी मागच्या भिंतीला टेकून उभ्याने बघितलेत."

"आणि याला हे लोक बंड म्हणायचे," समोरच्या खुर्चीतून देवदत्त म्हणाला. "बसता येत नाही, म्हणून बंड."

"तुमच्या दाढीत उवा झाल्या होत्या, देवदत्तराव. ते सांगा की पोरीला."

नैनाने टीपॉयवरचा फोन जरा पुढे सरकवला. रेकॉर्डिंग चालू होतं. डायनिंग टेबलापाशी सुमित्रा मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. तिच्या भावाने आणि नवऱ्याने एकमेकांना काय म्हटलं असेल, हे तिला ऐकायची गरज नव्हती. शब्दसुद्धा तेच होते.

आदल्या दिवशी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका हॉलमध्ये देवदत्तचं सहस्रचंद्रदर्शन झालं होतं. बायकोचा भाऊ म्हणून प्रल्हादला टेक्सासमधल्या प्लेनोहून यावं लागलं होतं. दोघे सांगलीच्या एकाच कॉलेजात शिकले, आणि तेव्हापासून एकमेकांना तुच्छ मानण्यात त्यांनी खंड पडू दिला नव्हता. मधे नातं जुळलं, समुद्र ओलांडला, नोकऱ्या मिळाल्या आणि संपल्या, एकाची बायको गेली, दुसऱ्याची बायपास झाली. तुच्छता मात्र धडधाकट राहिली.

नात नैना इतिहासात पीएचडी करत होती. पन्नास-साठच्या दशकांतल्या तरुणांचे गट आणि त्यांचे पेहराव यांची तुलना, असा तिच्या पेपरचा विषय होता. लंडनचे लांब कोटवाले टेडी बॉय, स्कूटरवरचे मॉड आणि मोटरसायकलवरचे रॉकर, इथले तेल चोपडलेल्या केसांचे ग्रीझर, काळे कपडे घालून कविता वाचणारे बीटनिक. तिच्या प्रोफेसरबाईंनी सुचवलं होतं, की घरात त्या वयाची माणसं असतील तर त्यांनाही विचार. घरात अशी दोन माणसं होती. तिसऱ्या माणसाचा विचार अजून कोणी केला नव्हता.

"सो मामाआजोबा, तुम्ही बेसिकली ग्रीझर," नैना म्हणाली. "केसांना तेल, टाइट पँट, कॉर्नरवर उभं राहणं. आणि आजोबा बीटनिक. दाढी, कविता, अँटी-एस्टॅब्लिशमेंट."

"तेल नाही, क्रीम," प्रल्हादने दुरुस्ती केली. "पुढे असा कोंबडा काढायचा." त्याने हात टकलावरून पुढे नेला आणि हवेत कुठेतरी सोडून दिला.

"आम्ही कोणाची नक्कल केली नाही," देवदत्त म्हणाला. "हे लोक पडद्यावर बघून शिंप्याकडे धावायचे. आम्ही विचारातून खादी घातली होती. झब्बा, खांद्याला शबनम, पायात चप्पल. आमचं अनियतकालिक निघायचं. प्रस्थापितांना हादरवलं होतं आम्ही."

"दोन अंक," प्रल्हाद म्हणाला. "दुसऱ्यात भेळ खाल्लेली आठवते मला."

"वाचला असतास तर बरं झालं असतं."

सुमित्राने एक पिवळं पान बाजूला टाकलं. हादरलेले प्रस्थापित तिने कधी पाहिले नव्हते. तिने पाहिला होता तो रविवारी सकाळी पँटची उसवलेली शिवण घेऊन उभा राहणारा भाऊ, "सुमे, आत्ता लगेच, मित्र खाली थांबलेत" म्हणणारा. आणि लग्नानंतर पाहिला तो खादीच्या झब्ब्याला खळ कमी पडली म्हणून न जेवता उठून जाणारा नवरा. एकाचं बंड ती शिवत असे, दुसऱ्याचं धुऊन वाळत घालत असे. पुढे अमेरिकेत यायचं ठरलं तेव्हा दोघांनीही एका सकाळी न्हाव्याकडे जाऊन आपापलं बंड उतरवून ठेवलं. आता दोघांच्या अंगात सारखेच पोलो टी-शर्ट होते, पायांत सारखेच पांढरे, जाड तळव्यांचे बूट. मागून पाहिलं तर क्षणभर तिलाही कळत नसे, की कोण कोणता.

"आणि मुली?" नैनाने विचारलं. "मुलींची काही स्टाइल होती का?"

"मुलींचं कसलं आलंय?" प्रल्हाद हसला. "दोन वेण्या, साडी, खाली मान. घर ते कॉलेज, कॉलेज ते घर."

"स्त्रियांपर्यंत आम्ही पोचलोच नाही," देवदत्त म्हणाला. "ती आमच्या पिढीची मर्यादा होती. मी ती मान्य करतो." आपली मर्यादासुद्धा तो अशी सांगत असे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्यासाठी शाल-श्रीफळ द्यायचं राहून गेलंय.

"मी केस कापले होते," सुमित्रा म्हणाली.

नैना वळली. "काय?"

"बॉबकट. कानाखाली एवढे." तिने मेथीच्या हाताने मानेशी रेघ ओढून दाखवली. "अहिल्याच्या घरी, माळ्यावर बसून. तिच्या आईची शिवणाची कात्री होती. आधी मी तिचे कापले, मग तिने माझे. माझे वाकडे झाले, तर ती इतकी हसायला लागली की आणखी वाकडे झाले."

"अहिल्या कोण?"

"माझ्या वर्गातली. बीएस्सीच्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तशाच कॉलेजात गेलो. पदर घेतला नाही डोक्यावरून, काही नाही. सायकल स्टँडपासून वर्गापर्यंत सगळे बघत होते." तिने एक देठ खुडला. "मानेला वारा लागत होता. असा कधी लागला नव्हता."

"धिस इज अमेझिंग," नैना फोन उचलून टेबलापाशी आली. "मग?"

"मग काय. संध्याकाळी दादा घरी आला. केसांचा कोंबडा, टोकदार बूट. मला बघितलं आणि एक ठेवून दिली. म्हणाला, माझे मित्र तुझ्याकडे कोणत्या नजरेने बघतील? नंतर बाबांकडून कबूल करून घेतलं, की केस वाढेपर्यंत ही घराबाहेर पडणार नाही. माझं वर्ष गेलं. मग परत कोणी पाठवलंच नाही."

प्रल्हादने पाय सोफ्याखाली घेतले.

"साखरपुडा आधीच झाला होता," ती पुढे म्हणाली. "मला वाटलं, हे कविता लिहितात. एका अंकात ह्यांची कविता होती, तिच्यात बाई सगळे पाश तोडून उन्हात येते. मी ती पाठ केली होती. चार दिवसांनी ह्यांच्या आई आल्या. म्हणाल्या, देवदत्तने निरोप दिलाय, की केस नीट येईपर्यंत लग्न पुढे ढकलू, लोकांत बरं दिसत नाही. तरी शेवटी पुरेसे वाढले नाहीतच. लग्नात मी गंगावन लावलं होतं. ते इतकं जड होतं, की अंतरपाट दूर झाला तेव्हा मला मान वर करता येईना. सगळ्यांना वाटलं, मुलगी लाजली."

तिने हे मोठ्याने सांगितलं नाही, आवाज चढवला नाही. भाजीवाल्याकडे मेथी कशी मिळाली हे सांगावं, तसंच सांगितलं. मग पहिल्यांदाच मान वर करून तिने दोघांकडे पाहिलं.

देवदत्त चष्मा पुसत होता. प्रल्हाद कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवत होता, आणि ते आठवल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला.

"छे, छे! काहीतरीच काय, सुमे? टायफॉइड झाला होता तुला. केस त्यात गेले."

"टायफॉइडच," देवदत्त म्हणाला. "बरोबर. म्हणून तर लग्न लांबवलं आपण. अशक्तपणा होता हिला."

"मिरजेचा डॉक्टर यायचा बघायला."

"उंच होता ना? टांग्याने यायचा?"

"तोच! काय नाव त्याचं?"

"ओठांवर आहे माझ्या. थांब, आठवेल."

"अरे देवदत्त, त्या वर्षी साथच होती सांगलीत. आमच्या गल्लीत दोघंतिघं आजारी होते."

प्रल्हादच्या बोलण्यातला 'राव' गळून पडला होता. सुमित्रा दोघांचे चेहरे न्याहाळत राहिली. टायफॉइड तिच्या आईने काढलेला होता, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायला. तेव्हा या दोघांनी तो औषधासारखा घेतला, आणि आता त्यांना खरोखरच आजार आठवत होता. डॉक्टर, टांगा, साथ. त्यांच्या नजरेत कुठे चोरटेपणा दिसतो का, हे तिने नीट पाहिलं. दिसला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हातारपणात असं होतं," प्रल्हाद नैनाला हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कुठलं कुठे जोडलं जातं."

"माझंही होतं हल्ली," देवदत्तने उदारपणे साथ दिली. "चल रे, जरा पाय मोकळे करून येऊ. डॉक्टरचं नाव रस्त्यात आठवेल."

ते उठले. देवदत्तला जॅकेटची चेन लावता येईना, ती प्रल्हादने लावून दिली. दारातून बाहेर पडून दोघे ड्राइव्हवेवरून खाली उतरले, मेपलच्या पाचोळ्यावरून जपून पावलं टाकत, एकमेकांचा दंड धरून. कॉलेजच्या दिवसांपासून हे दोघे कशावर तरी एकमत होऊन घराबाहेर पडल्याचं सुमित्राने पाहिलं नव्हतं.

"आजी," नैना समोरची खुर्ची ओढून बसली. "आय बिलीव्ह यू. मला तुझं खरं वाटतं."

"बरं."

"पण प्रॉब्लेम असा आहे, की पेपरमध्ये ते कुठे बसवू? म्हणजे, सबकल्चर म्हणायला ग्रुप लागतो. सेम स्टाइल, भेटायची जागा, स्वतःची भाषा. मामाआजोबांचा कॉर्नर होता. आजोबांचं मॅगझिन होतं. तुझं इंडिव्हिज्युअल ॲक्ट होतं ना. प्रोफेसर विचारतील."

सुमित्राने निवडलेली पानं चाळणीत लोटली. शिकलेल्या माणसांनाही जागा आणि माणसं मोजूनच लागतात, हे तिला नवीन नव्हतं.

"आम्ही दोघी होतो," ती म्हणाली. "दोघी पुरतात का?"

मानेवर रुळणारे स्वतःचे आखूड केस नैनाने कानामागे सारले. मग लॅपटॉप उघडून तिने दोन आजोबांच्या नावांचा रकाना वर सरकवला आणि खाली कोरी जागा केली.

"अहिल्याचं काय झालं?"

"तिला महिन्याच्या आत उजवली. बेळगावच्या बाजूला कुठेतरी दिली. मला लग्नाला जाऊ दिलं नाही."

"तिचं पूर्ण नाव सांग. मी लिहिते. शोधूही आपण, ऑनलाइन कोणीतरी सापडतं."

"अहिल्या मेहेंदळे."

नैनाने टाइप केलं. "हे लग्नाआधीचं ना? नंतरचं?"

सुमित्राने हातातली जुडी खाली ठेवली.

"नंतरचं मला कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.