चार नंबरच्या खांबाखालची शेळी

टीं... टीं... टीं.

दुपारची वीज गेली आणि फळीवरचा बॅटरीचा काळा डबा ओरडायला लागला. घर एकदम गप्प होतं. मोनिका आत्ताच निजली होती, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई कुशाबाई शेळ्या घेऊन कॅनॉलकडं गेल्या होत्या. मी धावत जाऊन बटण दाबलं. पोरगी नुसती कूस बदलून पुन्हा झोपली.

त्या डब्याला आता सांभाळायला काही उरलेलं नाही. त्याच्यावर चालणारी घरावरची छत्री दिवाळीच्या आधीच खांबांवरच्या डब्यांबरोबर उतरली. तरी वीज गेली की तो हाक मारतो, आणि मी तो काढून ठेवत नाही. मोनिका उठेस्तोवर तासभर मिळतो. तेवढ्यात जमेल तेवढं लिहिते.

माझे मालक संपत. लग्नाच्या आधीपासून ते मोबाईलचे टॉवर उभे करणाऱ्या ठेकेदाराकडं होते. आज नांदेड, उद्या गुलबर्गा. दोन-दोन महिन्यांनी चार दिवस घरी. मोनिका दोन वर्षांची असताना असेच एकदा सकाळच्या एसटीनं पाटसला उतरून आले. दारात उभे राहिले, तर ती माझ्या लुगड्याला बिलगली आणि म्हणाली, "आई, पाव्हनं आल्यात."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "पूनम, आता टावर बास."

टॉवरवर राहून वायरलेसचं काम त्यांच्या हातात बसलं होतं. दौंडहून इंटरनेट घ्यायचं, घरावर एक छत्री लावायची, आणि गावात नऊ विजेच्या खांबांवर कंपासपेटीएवढे नऊ डबे बसवून ते घरोघरी द्यायचं. पोरांना फॉर्म भरायला दौंडला जायला नको, आणि बापाला गाव सोडायला नको. आम्हाला एवढंच हवं होतं.

खांब विजेच्या ऑफिसचे, म्हणून संपत आधी नियमांचा कागद घेऊन आले. अकरा नियम. तारेपासून डबा किती खाली हवा, जमिनीपासून किती वर. खांबाला भोक पाडायचं नाही, पट्टा आवळायचा. ट्रान्सफॉर्मरच्या खांबाला हात लावायचा नाही. डब्याला वीज शेजारच्या घरातून घ्यायची, तारेवरून नाही. अकरावा नियम सगळ्यात शेवटी होता आणि सगळ्यात लहान: परवानगीपूर्वी खांबावर कोणतीही वस्तू लावू नये.

संपतनी बांबूला खुणा करून प्रत्येक खांब मोजला. मोनिका मागं मागं टेपचं टोक धरून. त्या दिवसांत घरात दुसरा शब्दच नव्हता. गुळाच्या डब्याला हात लावायच्या आधी ती विचारायची, "दादा, परवानगी हाय का?" बापाला ती दादाच म्हणते. ते म्हणायचे, "आधी अर्ज आण." मग ती कागदावर रेघोट्या मारून आणायची आणि ते त्यावर सही करायचे.

आमच्या गावचे सरपंच पोपटराव. त्यांना विचारल्याशिवाय गावात बोअरसुद्धा लागत नाही. संपत पाया पडायला गेले तर ते म्हणाले, "परवा आखिती हाय. साडेतीन मुहूर्तातला दिस. चढवून टाक."

"आप्पा, परवानगी कुठं हाय? अर्ज बी द्यायचाय अजून."

"आरं, आखितीला चढलेलं खाली येतं व्हय? सायबाला मी सांगतो. त्यो बी म्हनंल, बसवा, मग पाहणी करू. कागद मागनं येतोय."

आमच्याकडं असंच चालतं. मुहूर्त आधी, कागद मागून. घराचा पाया, विहीर, डेअरी, सगळ्याचा नारळ आधी फुटतो. पोपटरावांनी एक नंबरच्या खांबाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. फोटो निघाला. त्यात खांबावर संपत, खाली आप्पा, आणि आप्पांचा पुतण्या पप्पू पेढ्याचा बॉक्स धरून. त्या संध्याकाळी नऊ खांबांवर नऊ हिरवे ठिपके लागले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहायला बसले.

माझं माहेर इनामगाव. तिथं नदीकाठी खोदकाम चालायचं तेव्हा माझे वडील, रखमाजी, तिथं रोजावर होते. खापराचा एवढासा तुकडा निघाला तरी साहेब लोक त्यावर शाईनं नंबर टाकायचे. वडलांनी मला तेच शिकवलं. "बाये, गावलं ते लिवायचं. कुठं गावलं, कवा गावलं, ते बी लिवायचं. न्हाईतर त्ये नुसतं खापार."

तर मी प्रत्येक खांबाला एक पान दिलं. खांबाचा नंबर, उंची, तारेपासूनचं अंतर, शेजारी घर कुणाचं. पेन्सिलीनं चित्र. चार नंबरला मोनिका मांडीवर येऊन बसली. "आई, हितं आपली बांडी बसती की." खरंच, आमची बांडी शेळी त्याच खांबाच्या सावलीला बसायची. मी तीही काढली, एक कान मोडलेली. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, कुणी विचारलेलं नसताना, लिहिलं: बसविल्याचा दिनांक, अक्षय तृतीया. वर तो नारळाचा फोटो चिकटवला. मला वाटलं, सरपंच दिसले की काम लवकर होईल.

श्रावण, गणपती, सगळं घरात साजरं झालं. संपत सायकलीवर शिडी टाकून निघाले की मोनिका पुढच्या दांडीवर. रात्री ती त्यांच्या पोटावर झोपायची. आत्या म्हणायच्या, "पोरीनं बाप वळखला गं बाई," आणि कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढायच्या.

दसरा झाला आणि पत्र आलं. "अर्जदाराने विनापरवानगी उपकरणे बसविल्याचे स्वतःच्या अर्जात पान एक ते नऊवर नमूद केले असून सोबत छायाचित्र जोडले आहे. सबब सात दिवसांत उपकरणे काढून घ्यावीत. सदर अर्जदारास पुनश्च अर्ज करता येणार नाही."

आम्ही दोघं ऑफिसात गेलो. टेबलावरच्या माणसानं माझी पानं उलटली, हसला. "अक्षर छान आहे. पण बाई, अर्जात एवढं खरं कुणी लिहितं का?"

तिथून आम्ही पोपटरावांकडं गेलो. ते ओट्यावर दाढी करून घेत होते.

"आप्पा, तुम्हीच चढवायला लावलंत," संपत म्हणाले. "फोटोत तुम्ही हाय."

"मी नारळ फोडला संपत. डबा मी बांधला व्हय?" गालावरचा साबण पुसत ते म्हणाले. "आन् फोटो लावायचं डोकं कुनाचं? माझं न्हाई." शेवटचं माझ्याकडं बघून.

नऊ डबे संपतनी स्वतः उतरवले. मोनिका खाली उभी राहून एकेक मोजत होती.

महिनाभरात त्याच नऊ खांबांवर दुसरे डबे आले. त्याच उंचीवर, तसेच पट्टे. डबे पप्पूचे. मी मोनिकाच्या जन्माच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेले होते. तिथल्या फळ्यावर मंजुरीचं पत्र होतं आणि त्याला जोडलेली काही पानं. मला जायला उशीर होत होता, पण मोनिकानं बोट दाखवलं.

"आई, बांडी!"

चार नंबरच्या खांबाखाली माझी शेळी बसली होती. एक कान मोडलेली. झेरॉक्समध्ये जरा काळी पडलेली. अक्षर माझं, मोजमाप संपतचं. तळाची तारखेची ओळ तेवढी कागद आडवा लावून झाकली होती. अर्जदाराचं नाव पप्पूचं.

पप्पू तिथंच खुर्चीत होता. मी विचारलं तर म्हणाला, "वहिनी, सरकारी फाइलीतला कागद सगळ्यांचा असतो. आन् शेळी बी चांगली काढली की तुम्ही. सायेब हसत हुता."

संध्याकाळी तो घरी आला. आत्यांनी चहा टाकला. संपतला म्हणाला, "झालं गेलं सोड. मला कुठं खांबावर चढता येतंय? तू ये माझ्याकडं. तुझेच खांब हायेत. घरच्या घरी."

संपत मोनिकाच्या केसांतून हात फिरवत राहिले. मला कळलं, ते हो म्हणणार आहेत. मान खाली घालून, पोरीसाठी, ते हो म्हणणार आहेत.

आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. म्हणाले, "न्हाई जमायचं भाऊजी. चहा घ्या आन् चला."

पप्पू गेल्यावर आत्या म्हणाल्या, "तुला येड लागलंय का गं?" मी संपतकडं बघून म्हणाले, "टावरवर जा. गुलबर्ग्याला जा. पण त्याच्या डब्याचा पट्टा आवळायचा न्हाई. माझी शेळी चोरलीय त्यानं."

शेळी. मी शेळीच म्हणाले. दुसरा शब्दच तोंडात आला नाही.

"बरं," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर मी माघार घेतली असती. चौथ्या दिवशी पाटसवरून ते गेले. आता विजयवाड्याच्या पुढं कुठंतरी आहेत. फोन येतो तेव्हा पाठीमागं वाऱ्याचा आवाज असतो. मोनिका फोन कानाला लावून तो वारा ऐकत बसते.

मला अजून वाटतं, मी बरोबर बोलले. आणि रोज संध्याकाळी दारातून ते नऊ हिरवे ठिपके दिसतात तेव्हा वाटतं, कुणासाठी बोलले?

मोनिका उठली. केस विस्कटलेले, गालावर गोधडीची नक्षी. माझ्या वहीखालून एक कागद ओढून तिनं पेन घेतलं आणि जमिनीवर पालथी पडून बराच वेळ रेघोट्या मारत बसली. मग कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"काय गं हे?"

"अर्ज हाय. दादाला घरी येयाची परवानगी पायजे."

मी कागद सरळ केला. तळाशी तिनं सहीला जागा सोडली होती.

"आई," ती म्हणाली, "दादाला परवानगी कोन देत न्हाई?"