देवमाशाचा मणका

स्वस्तातलं लॉज मीच शोधलं होतं, त्यामुळे बोंब मारायची सोय नव्हती. एका खोलीत आठ पलंग, चार खाली, चार वर. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक आणि बेसिनवर मोठी पाटी: ‘भांडी ज्याची त्याने घासावी.’ ती पाटी वाचून घासणी हातात घेतली ती एकट्या आमच्या आईने. खरकटं बेसिन तिला बघवत नाही. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांची भांडी घासली, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक बिनदिक्कत तिच्या पुढ्यात भांडी ठेवायला लागले.

या शहरात आईला एकच गोष्ट बघायची होती, संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा. शाळेच्या पुस्तकात तिने त्याचं चित्र पाहिलं होतं. मग लग्न झालं, आम्ही झालो, मासा राहिलाच. आज शेवटचा दिवस, संध्याकाळी परतीची गाडी, आणि ही बाई बेसिनपाशी!

एक धट्टाकट्टा तरुण तव्यासकट आला. “मावशी, एवढं धरा जरा.”

माझं डोकंच फिरलं. “हात मोडलेत का तुमचे? ही काय इथे पगारावर आहे?”

“मला वाटलं, त्या इथेच काम करतात.”

“वाटलं म्हणे!”

मॅनेजर धावत आला. “ताई, जरा हळू. त्या हौसेने करतात हो.”

“मग तुमच्या आईला बोलवा हौस करायला!”

“जाऊ दे गं,” आई म्हणाली. “दोन भांड्यांनी काय हात झिजतात?”

“तूच सगळ्यांना डोक्यावर चढवून ठेवतेस!” ओल्या हातांनीच तिला ओढत मी बाहेर काढलं.

रस्ताभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. फुकटे मेले, ऐतखाऊ! उकडायला लागलं तसा स्वेटर काढून मी आईकडे दिला. तिकिटं काढताना बाटली दिली, छत्री दिली. लोकांना लाजच नाही, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होते. ती नुसती हं, हं करत होती.

सांगाडा दालनभर पसरला होता. आई मान वर करून बघतच राहिली. खाली चौथऱ्यावर एक सुटा मणका ठेवला होता, पाटासारखा रुंद. शेजारी लिहिलं होतं, ‘हात लावून बघा.’

“आई, तिथे उभी राहा, फोटो काढते. ही पर्स धर. हं, आता लाव हात!”

ती नुसतीच उभी.

“अगं, लाव ना! तेवढंही मीच सांगायचं का?”

“हे सगळं कुठे ठेवू?” आईने विचारलं. खांद्यावर स्वेटर, काखेत छत्री, एका हातात बाटली, दुसऱ्यात पर्स. “ज्याचं त्याने धरावं, अशी इथे पाटी नाही ना.”

मी एकेक वस्तू काढून घेतली. संताप तसाच होता, पण आता ओरडायला समोर कोणी नव्हतं. आईने दोन्ही तळवे मणक्यावर ठेवले आणि माझ्याकडे बघितलंच नाही.