डोकं खाली, पाय वर

मी योसेफ बोलतोय. येशूच्या आईचा, मरियेचा नवरा, धंद्यानं सुतार, म्हणजे त्याचा प्लास्टरचा वीतभर पुतळा. मी चिडलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. संतांनी चिडू नये म्हणतात. ज्यांना कुणी उलटं करून अंगणात पुरलं नाही, तेच असं म्हणतात.

अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या पोलिश वस्तीत लोरेटाचं लग्न झालं, तेव्हा तिच्या आईनं मला आंदण दिलं. तेव्हापासून मी तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर. कांदा-कोबीच्या वाफेनं माझा झगा पिवळा पडला. तिचा नवरा कॅझ तिथंच पत्ते खेळायचा आणि हरला की माझ्याकडे डोळे वटारून बघायचा. कॅझ गेला, मग लोरेटा माझ्याशीच बोलू लागली. मी ऐकायचो. मला तेवढंच जमतं.

गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली. मुलगी जॅनिन धावत आली, घाबरली आणि तिनं वृद्धाश्रमातली खोली ठरवूनच टाकली. पोरगी वाईट नाही. पण आईला विचारायचं राहून गेलं.

मग ब्रुक आली. विकायचं घर गिऱ्हाइकासाठी सजवून देणं हा तिचा धंदा.

"हे लग्नाचे फोटो काढा. क्रूस काढा. ही खुर्ची तर आधी बाहेर."

खुर्ची कॅझची होती.

"का गं बाई?" लोरेटानं विचारलं.

"घेणाऱ्याला इथं स्वतःचं घर दिसायला हवं, आजी. तुमचं नाही."

"मग माझं कुणाला दिसणार?"

"आई, आता पुन्हा सुरू करू नकोस," जॅनिन म्हणाली.

पिवळं स्वयंपाकघर राखाडी झालं. टेबलावर खोटी लिंबं आली. कांदा तळायला बंदी. माणसं घर बघायला यायच्या आधी ओव्हनमध्ये व्हॅनिला तापवायचा, म्हणजे आत कुणी केक करतंय असं वाटावं. जिला खरा केक येतो, तिला मात्र मागच्या अंगणात बसवायचं. देवाधर्माचं काही दिसता कामा नये, म्हणून मी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात.

दोन रविवार गेले, गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा त्याच ब्रुकला मी आठवलो.

"योसेफला अंगणात उलटा पुरा. घर हमखास विकलं जातं. सगळे करतात."

त्यासाठी बाजारात प्लास्टिकचा योसेफ मिळतो. पण जॅनिनला वाटलं, घरात आहे की एक. प्लास्टरला ओल सोसत नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काम व्हावं म्हणून माणसं देव पाण्यात घालून बसतात, असं ऐकून आहे. यांनी मला चिखलात घातलं. घरात ठेवायला लाज वाटते, पण घर खपवायला मी हवा. या भक्तीला काय म्हणायचं?

लोरेटा माझ्या शेजारीच बाकावर बसायची. पुढच्या रविवारी एक जोडपं घर बघून मागच्या अंगणात आलं.

"किती छान," त्यातली बाई म्हणाली. "इथं कधी कुणी राहिलंच नाही असं वाटतं." मग लोरेटाकडे वळून, "तुम्ही शेजारच्या का?"

लोरेटा "हो," म्हणाली.

मी ओरडलो असतो. तोंडात माती होती.

घर विकलं गेलं. रीत अशी की, विकल्यावर योसेफला उकरून नव्या घरी मानानं ठेवायचं. जॅनिन म्हणाली, "राहू दे गं, नवा आणू." लोरेटा चमचा घेऊन गुडघ्यांवर बसली. मी निघालो, पण चेहरा भिजून मातीतच राहिला. तिनं मला कोटाच्या बाहीनं पुसलं आणि विचारलं,

"तुलाही गिऱ्हाइकासाठी साफ केलं का रे?"

मागं उभ्या जॅनिनच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं, पण उशिरा.

आता मी वृद्धाश्रमातल्या खिडकीत उभा आहे. भिंत इथंही राखाडीच. जॅनिन रविवारी फुलं आणते आणि विचारते, "आई, आवडली ना खोली?" लोरेटा मान हलवते. याला विचारणं म्हणत नाहीत.

घर विकायचं तर खुशाल विका. पण आधी, जिचं घर आहे तिला तिच्याच स्वयंपाकघरात बसवा, कांदा तळू द्या, आणि तिला काय हवंय ते विचारा. तेवढंही होत नसेल, तर मला पुरू नका. असल्या घरासाठी मी वर कुणाकडेही शब्द टाकणार नाही.