अक्कलदाढ

विलायतेत कापूस जायला लागला आणि भाव चढला, त्या सालची गोष्ट. अकोल्याकडच्या एका गावात गोवर्धन नावाचा तरणा कुणबी होता. कानात नवी भिकबाळी घालून तो गावभर मिरवायचा. आपल्या सुखावर सगळ्यांचा डोळा आहे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

एके दुपारी शेजारच्या भाजीच्या बाडीतल्या पार्बताबाई माळणीनं त्याला भरीत-भाकर खाऊ घातली. तिसऱ्या दिवशी त्याचा डावा गाल सुजला. जबडा आवळला, तोंडात बोटही जाईना, श्वासाला घाण येऊ लागली.

"मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा," बायको जयवंता म्हणाली.

गोवर्धननं ऐकलं नाही. पारावर जाऊन, आवळल्या दातांतून चार माणसांदेखत तो बोलला, "त्या माळणीनं भाकरीत काई घातलं."

गावाला तेवढं पुरलं. पार्बताबाईची भाजी कोणी घेईना. विहिरीवर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला होत.

आठवड्यानं कापसाची गाडी घेऊन तो अमरावतीला गेला, तेव्हा जयवंतानं हट्टानं त्याला राजापेठेतल्या म्हाताऱ्या जर्राहाकडे पाठवलं. फोड कापायचे, दात काढायचे, हे त्याचं काम. त्यानं कोमट पाण्यानं शेकून जबडा सैल केला, बोट घालून चाचपलं, हिरडीला बारीक चीर दिली. पू वाहिला, आणि पुवातून ज्वारीचं एक टरफल निघालं.

"हुरडा खाया था?"

गोवर्धननं मान हलवली. भरताच्या आदल्याच दिवशी स्वतःच्या वावरात बसून पोटभर खाल्ला होता.

"अकलदाढ अर्धी उपर, अर्धी हिरडी के नीचे. ये बीच में अटक के सड गया."

"कोणाची करणी नाही?"

म्हातारा हात धूत राहिला.

घरी आल्यावर जयवंतानं विचारलं, "काय निंगालं?"

"फोड होता," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता ताटावर बसला. घास आता नीट चावता येत होता. तरी अर्ध्या ताटावरून तो उठला.

दोन दिवस त्यानं असेच काढले. तिसऱ्या सकाळी पार्बताबाई डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन विकायला परगावच्या वाटेला लागलेली दिसली. साठीची बाई, पायात वहाण नाही. तो मागं धावला.

"काकू, माह्यी दाढ होती. तुमचं काईच नव्हतं."

ती थांबली. "मले कावून सांगतं? मले तं ठाऊकच होतं. जिथं बोलला तिथं सांग."

संध्याकाळी तो पारावर उभा राहिला. मान वर होत नव्हती. सगळं सांगितलं, हुरड्यासकट. मग एक म्हातारा म्हणाला, "अक्कलदाढच ना? मंग आली म्हनाव अक्कल." सगळे हसले. त्यांच्यातल्या एकालाही स्वतःची लाज वाटली नाही, आणि गोवर्धनला ती सगळ्यांच्या वाटची वाटली.

पुढं हळूहळू बाया पार्बताबाईकडे पुन्हा जाऊ लागल्या. जयवंतालाही ती भाजी द्यायची, वर मूठभर कोथिंबीर घालायची. गोवर्धन समोरून आला, की मात्र टोपलं खाली ठेवून, तो जाईपर्यंत दुसरीकडे बघत बसायची.