समोरच्या बाई

शब्दकोशाच्या कचेरीत संपादकसाहेबांचा एक नियम होता: उदाहरण डोळ्यांसमोरचं हवं, मनाने रचलेलं चालणार नाही. साहेबांच्या डोळ्यांसमोर सव्वीस वर्षं मुद्रितशोधक मावशी बसत. त्यामुळे इंग्रजी-मराठी कोशात जे व्हायचं ते झालं. 'डल': समोरच्या बाई डल आहेत. 'इन्सिपिड': समोरच्या बाईंचं बोलणं इन्सिपिड असतं. 'ब्लँड', 'व्हॅपिड', 'माइल्ड', नीरस-मिळमिळीत अर्थाचा शब्द आला की समोरच्या बाई. भिंतीवरच्या पालीच्या वाट्याला मात्र 'एलिगंट', म्हणजे डौलदार, आलं होतं.

मावशींनी हे सगळं अर्थातच वाचलं होतं, कारण तपासायला त्यांच्याकडेच यायचं. पण त्यांना अधिकार फक्त शुद्धलेखनाचा. स्वतःच्या अपमानात राहिलेले अनुस्वार त्या मुकाट्याने भरत आल्या.

आज शेवटची पानं आली. मावशींची सही झाली की छापखान्यात. एकदा छापलं की शाळेशाळेच्या कपाटात त्या पुढची पन्नास वर्षं अशाच बसणार.

"मावशी, सही."

"नाही करत."

साहेबांनी चष्मा पुसला. ऐकण्यात गफलत झाली की ते चष्मा पुसत.

"साहेब, 'माइल्ड'ला तुम्ही नुसतं 'नेभळट' लिहिलंय. जुन्या इंग्रजीत तो दयाळू माणसाचा शब्द. 'ब्लँड' मूळ लॅटिनमध्ये लाडीगोडी लावणारा. मी कधी लावली तुम्हाला?"

"छे!"

"मग उदाहरण खोटं. आणि 'व्हॅपिड' म्हणजे मुळात चव उतरलेली दारू. कचेरीत ती कोणाच्या खणात आहे, सांगू?"

साहेबांनी गुडघ्याने खण बंद केला. "बरं, 'डल' तरी राहू द्या."

"ते मुळात मूर्खाला म्हणत. सव्वीस वर्षं तुमच्या चुका मी काढतेय. मूर्ख कोण, मतदान घेऊ या का?"

"अहो, मूळ अर्थ वेगळा, आजचा वेगळा!"

"दोन्ही छापा की. पानभर छापा. मला त्यात बसवू नका."

"तुम्हाला शब्दांच्या अर्थात हात घालायचा अधिकार नाही!"

"कुठे घातला? मी फक्त सही करत नाहीये."

एवढं बोलून मावशींनी पानं आपल्या खुर्चीवर ठेवली आणि त्यांच्यावरच बसल्या. खाली छापखान्याचा टेम्पो हॉर्न वाजवत होता.

"मी वर तक्रार करीन!"

"करा. अर्ज तपासायला माझ्याकडेच येईल."

साहेब हताश झाले. "मग लिहू तरी कोणावर? समोर दुसरं कोणी आहे का?"

मावशी उठल्या. पानं बगलेत मारून त्यांनी आपलं टेबल खरडत खरडत नेलं आणि साहेबांच्या पाठीमागे लावलं. साहेब वळले.

"पुढे बघा. नियम तुमचाच आहे."

पुढे फक्त भिंत होती. साहेबांनी निमूटपणे लिहिलं: समोरची भिंत डल आहे. समोरची भिंत इन्सिपिड आहे. असं करत 'माइल्ड'पाशी आले. 'दयाळू' लिहिलं आणि अडले.

"मावशी, भिंत दयाळू नसते हो."

"नसते."

"मागे वळून बघू का एकदा?"

"नाही."

'माइल्ड' उदाहरणाशिवाय छापायला गेला. मावशींनी सही जरा मोठीच केली.