जाताना दिसणारी पाटी

मित्रांनो, दुकानात शिरताना मी कुणालाच दिसत नसे. माझी जागा दाराच्या चौकटीवर, पण आतल्या बाजूला. काम झालं, पिशवी हातात आली आणि गिऱ्हाईक जायला वळलं, की त्याची नजर माझ्यावर पडायची. मी एक जुनी पत्र्याची पाटी. माझ्यावर एकच शब्द रंगवलेला आहे: थँक्यू.

त्याआधी मी तेलाचा डबा होते. शिंप्याने तो कापून पत्रा सपाट केला आणि पेंटरकडे नेला. या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत.

"'आभारी आहोत' असं लिहा," मास्तर म्हणाले.

पेंटरने पत्र्यावर वीत टाकून पाहिली. "एवढ्याशा पत्र्यात आभार मावायचे नाहीत, मास्तर. थँक्यू लिहितो."

"पण ते इंग्रजी ना?"

"बसमध्ये तिकीट मागता तेव्हा इंग्रजी बोलता का? तसंच हे."

निळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. मास्तरांच्या बायकोने मला दोन्ही हातांत धरून लांब नेलं, जवळ आणलं. "अक्षर छान आहे," ती म्हणाली. "शेवटच्या अक्षराचं पोट जरा सुटलंय. पण तुमच्याकडे बघून काढलं असेल." मास्तर हसले आणि त्यांनी खिळा ठोकला.

दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. मध्ये कापायचं मोठं टेबल, त्यावर कापडांचे गठ्ठे. दाराशेजारच्या खिडकीशी मशीन. मागच्या भिंतीला टेकून एक बुटकं स्टूल, त्यावर ती काजं करायला बसायची. मास्तर मशीनवर वाकलेले असत, त्यांचं तोंड खिडकीकडे. तिचं तोंड मात्र माझ्याकडे. सुईत दोरा ओवताना ती मान वर करायची आणि आमची नजरानजर व्हायची. मला पुसायचीही तीच. स्टुलावर चढायची, उरलेल्या अस्तराच्या चिंधीने माझ्यावरची धूळ टिपायची आणि उतरताना गुडघ्याला हात लावायची.

शब्द एक, पण त्याचे उपयोग किती, हे मला त्या चौकटीवर कळलं. कुणी तो दारातून बाहेर पडता पडता मागे टाकायचं, नको असलेल्या चिठोऱ्यासारखा. एखादी आई मुलाला पुढे ढकलायची, "काकांना थँक्यू म्हण," आणि मूल तिच्या मागे लपायचं. बसायला खुर्ची दिली की कुणी म्हणायचं, "नको, थँक्यू," म्हणजे त्याला घाई आहे. फोनवर "बरं, थँक्यू" आलं की समजायचं, आता ठेवा. टोमणा मारायलाही तो चालायचा. "थँक्यू हं मास्तर, मुलाखत झाल्यावर कोट दिलात," असं एकाने सुनावलं होतं.

आणि एकदा एक प्रौढ बाई आली. तिच्या वारलेल्या वडिलांचा कोट तिला तिच्या मापाचा करून हवा होता. तयार झाल्यावर तिने तो आरशासमोर घातला, कॉलरवरून हात फिरवला. बोलायला गेली तर ओठ थरथरायला लागले. मग तिने बोट वर केलं आणि मला दाखवलं. मागे स्टुलावर बसलेल्या मास्तरांच्या बायकोने मान हलवली. कळलं, असं. मास्तर तेव्हा मशीनवर होते. त्यांनी हे पाहिलं नाही.

घरात मात्र हा शब्द चालत नसे. मुलगी शाळेतून शिकून आली आणि आईला थँक्यू म्हणाली, तेव्हा आई म्हणाली, "आईला थँक्यू? मग मी काय म्हणू तुला, पुन्हा या?"

एका संध्याकाळी मास्तरांनी काजं झालेला शर्ट तिच्या हातून घेतला आणि न बघता घडी घालायला लागले.

"अहो, त्या पाटीवरचं कधी मला पण म्हणा की," ती म्हणाली.

"तू काय गिऱ्हाईक आहेस?"

"असते तर बरं झालं असतं. माझी शिलाई तरी वेळेवर मिळाली असती. केव्हाचं ते कापड पडलंय माझं."

"करतो गं."

"करतो म्हणजे काय ते मला विचारा."

दोघं हसली. मित्रांनो, त्यांच्यात काही उणं होतं म्हणून हे सांगत नाही. तिला ठेच लागली तर मास्तरांची सुई थांबायची. पण घरच्या माणसाशी असं बोलायचं नसतं, एवढंच ती दोघं शिकली होती.

मुलगी मोठी झाली, लांबच्या गावी नोकरीला गेली. आणि एका सकाळी तिची आई स्टुलावरून खाली कोसळली. उजवं अंग गेलं. वाचाही गेली.

दवाखान्यातून आणल्यावर मास्तरांनी तिची खाट दुकानातच घातली, स्टुलाच्या जागी. आतली खोली अंधारी होती, आणि इथे शिवता शिवता तिच्यावर लक्ष ठेवता येत होतं. ते तिला भरवत, पुसून काढत, कुशीवर वळवत. वेणीही घालत. कापडाला सरळ असलेला हात केसांना मात्र वाकडा जायचा.

पहिल्यांदा वेणी जमली त्या दिवशी तिने डावा हात उचलला आणि बोट केलं. माझ्याकडे.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. उभ्या माणसाला तिथून समोर दारच दिसतं. "गरम होतंय का? उघडतो," म्हणाले, आणि दार उघडलं.

तिने बोट खाली घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा वर केलं.

"कुणी आलंय का?" ते रस्त्यावर डोकावून आले. "कुणी नाही गं."

मी काय करणार होते? पाटीला तोंड नसतं. मला एकच शब्द येतो, आणि तिला नेमका तोच म्हणायचा होता.

मग ते रोजचंच झालं. चादर बदलली की बोट. पाणी पाजलं की बोट. मास्तरांना वाटलं, लेकीची वाट बघते. त्यांनी फोन केला, मुलगी आली. आई तिच्याकडे बघून एका बाजूने हसली. पण मास्तरांनी उशी नीट केली आणि पुन्हा तेच बोट.

"आई, काय हवंय? बाहेर जायचंय?"

आईने मान हलवली, नाही अशी. पण तिची मान आता तशीही हलायची, त्यामुळे कुणी ते धरलं नाही.

त्यानंतर मास्तरांनी विचारणं सोडलं. बोट वर झालं की ते दुसरीकडे बघायचे, कात्री उचलायचे, उगाच खडू शोधायचे. एक दिवस ते तिच्या पायाशी बसून हलकेच म्हणाले, "माहीत आहे मला. जायचंय तुला. माझ्या हातचं सोसत नाही ना?" तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मास्तरांना वाटलं, आपण बरोबर ओळखलं.

काही दिवसांनी ती गेली.

लोक येऊन गेले. मुलगी थोडे दिवस राहिली. एका दुपारी मास्तर तिला म्हणाले, "तुझी आई शेवटपर्यंत दाराकडे बोट दाखवत होती. मी एवढं केलं, पण तिला इथून सुटायचं होतं."

"असं नका म्हणू बाबा."

"मी बघितलंय ना. तू रोज नव्हतीस."

मुलगी परत गेली. दुकान बंदच राहिलं. माझ्यावर धूळ चढली, एका कोपऱ्यातून कोळ्याने धागा सोडला. मास्तर मशीनवरचं कापड काढत नव्हते आणि खाटही हलवत नव्हते. खाटेवर ते बसतही नसत.

मग एका दुपारी कापड झाडताना त्यांना चक्कर आली. जवळ खाटच होती. ते तिथेच आडवे झाले, डोकं तिच्या उशीवर. जरा बरं वाटल्यावर त्यांनी डोळे उघडले.

मग त्यांनी मान थोडी डावीकडे केली. थोडी उजवीकडे. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस, त्याला कळायला वेळ लागला नाही. उशीवरून दार दिसत नव्हतं. मध्ये टेबल होतं, टेबलावर कापडांचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांनी सगळं दार झाकलं होतं. त्यांच्या वर फक्त मी दिसत होते.

मास्तरांनी डावा हात हळूहळू उचलला आणि बोट केलं, ती करायची तसं. बोट सरळ माझ्यावर आलं.

"अगं वेडे," ते म्हणाले. "मला?"

उशी तोंडावर घेऊन ते किती तरी वेळ तसेच राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. दुसरं काही मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उतरवलं. तिच्या चिंधीने पुसलं. खाट काढून तिथे पुन्हा स्टूल ठेवलं आणि त्याच्या समोर, मशीनच्या वर, मला टांगलं. स्टुलावर कुणी बसलं तर समोर मीच दिसेन अशी. मग गठ्ठ्यातून तिचं ते राहिलेलं कापड काढून ते शिवायला बसले. ब्लाउज तयार झाला. काजं त्यांनी स्वतःच्या हातांनी केली, ओबडधोबड. तो घडी घालून त्यांनी स्टुलावर ठेवला आणि जे म्हणायचं राहिलं होतं ते म्हणाले. माझ्यावरचा शब्द मास्तरांनी घरच्या माणसाला म्हटलेला तेव्हाच ऐकला मी. ऐकायला स्टुलावर कुणी नव्हतं.

मित्रांनो, आता माझा रंग उडत चालला आहे. तुमच्याकडे एवढंच मागते. मला दाराशी लावाच, पण जे जायला निघालेले नाहीत त्यांच्यासाठीही मला थोडं वापरा. तुमचं बटण लावून देणारं, ताट पुढे करणारं, केस विंचरणारं माणूस घरचं आहे म्हणून थांबू नका. आणि कुणी बोट दाखवलं, तर एकदा त्याच्या उशीवर डोकं ठेवून बघा.

दुकान पुन्हा सुरू झालं आहे. जुनी गिऱ्हाइकं जाताना चौकटीकडे बघतात. तिथे आता नुसता खिळा आहे.

"मास्तर, पाटी दारावरून का काढली?"

मास्तर मशीनवरून मान वर करत नाहीत.

"घरच्यांसाठी हवी होती," ते म्हणतात.