नसलेली पायरी

बारकी आता आईपेक्षा चांगली वीतभर उंच होती आणि तिच्या हाताखाली एक आख्खा मजला भरून माणसं काम करत होती, तरी घरात ती बारकीच. त्या दिवशी तिने आईला मुद्दाम ऑफिसात बोलावून घेतलं आणि लिफ्टमधून बाहेर पडता पडता हळूच सांगितलं, "आई, आत आमचे निर्माते विचारतील, ती पायरी तू ठरवून ठेवली होतीस का. तू फक्त हो म्हण."

"म्हणजे खोटं बोलू?"

"एका शब्दाचं तर काम आहे. तू नाही म्हणालीस तर ती पायरी आजच काढून टाकतील ते."

"अगं, ती चूक होती हे साऱ्या घरादाराला माहीत आहे. तुझे बाबा येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर तोच किस्सा वाढतात."

"पाहुणे गेले खड्ड्यात," बारकी म्हणाली. आईच्या नाकावर राग आलाच होता, पण समोरून कोणीतरी अदबीने वाट करून दिली आणि ती पुढे झाली.

किस्सा तसा लहानसाच होता. आई तरुणपणी व्हिडिओ गेमची चित्रं काढायची. चौकोनी रेघांच्या कागदावर एकेक घर रंगवून तिने दिवेवाली तयार केली होती. हातात कंदील घेतलेली, बोटाच्या पेराएवढी बाई, जी दीपगृहाचा जिना चढून वरचा दिवा लावायची. आईने तिची पावलं जोडीने आखली, डावं की लगेच उजवं. जिना मात्र दुसऱ्या माणसाने काढला आणि त्याच्या पायऱ्या निघाल्या विषम. त्यामुळे माथ्यावर पोचली की दिवेवाली आणखी एक पाय उचलायची आणि जिथे पायरीच नाही तिथे तो धप्पकन टाकायची. हे लक्षात आलं तोवर कॅसेटी दुकानांत जाऊन पोचल्या होत्या. आई आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही. आणि लोकांना नेमकं तेच आवडलं. अंधारात जिना चढताना एक पायरी जास्तीची टाकणं कोणाला चुकलंय! पोरंसोरं घरात मुद्दाम तसा पाय आपटून दाखवायची.

आता तोच गेम कंपनीने नव्याने करायला घेतला होता आणि त्याची सूत्रं बारकीकडे होती. आईला तिचं कौतुक होतं, पण एक गोष्ट डोक्यात जायची. कोणी काही खोट काढली की बारकीचं ठरलेलं उत्तर असायचं, "आईने असंच केलं होतं." समुद्राचा रंग असा का, तर आई. वारा डावीकडून का, तर आई. ऊठसूट आपलं नाव पुढे केलेलं आईला अजिबात रुचत नव्हतं. तुला स्वतःला काही वाटतं की नाही, असं तिने एकदा विचारलंही होतं. तेव्हा बारकीने जेवणाच्या पानावरून नजर वर केली नव्हती.

खोलीत दोन पडदे शेजारी शेजारी लावले होते, डावीकडे जुना गेम, उजवीकडे नवा. निर्माते टापटिपीचे गृहस्थ होते. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि सुरू करायला सांगितलं.

जुनी दिवेवाली टुणटुण चढली. बटण दाबलं की पाऊल, मध्ये उसंत नाही. नवी तशी नव्हती. तिच्या शालीचा धागा न् धागा दिसत होता, कंदील हलला की भिंतीवरची सावली हलायची, आणि प्रत्येक पायरीला गुडघ्यावर भार येताना कळत होता. आई पुढे सरकून बसली. गुडघ्याचा हा भार दाखवायला तिने किती कागद फाडले होते आणि तो कधीच आला नव्हता.

"समुद्र जरा जास्तच आरडाओरडा करतोय," ती म्हणाली. "आणि ही माझ्या बाईपेक्षा सावकाश चढते. पण चढते मात्र खरी."

एकीमागून एक दोघी माथ्यावर पोचल्या. जुनीने पाय उचलला, धप्प, आणि चालू पडली. नवीनेही उचलला. तो रिकाम्या जागी पडला, तिचा तोल गेला, मोकळा हात कठड्याकडे धावला. मग तिने मागे वळून कोणी पाहिलं तर नाही ना, ते बघितलं, शाल नीट केली आणि जणू काही झालंच नाही अशी पुढे गेली. आईला खुदकन हसू आलं.

"आमच्या तपासणीत ही पायरी बग, म्हणजे गेममधला दोष, म्हणून नोंदली गेलीय," निर्माते म्हणाले. "तुम्ही जाणूनबुजून केलं असेल तर आम्ही हात लावणार नाही. केलं होतं का?"

बारकी जमिनीकडे बघत होती. पोरीच्या तीन वर्षांच्या कष्टांतला हा सगळ्यात लाडका तुकडा होता हे आईला आत्ताच कळलं होतं.

"नाही," आई म्हणाली. "माझी ती शुद्ध चूक होती."

बारकीने डोळे मिटले. निर्मात्यांनी मान हलवून पेन उचललं.

"थांबा, माझं व्हायचंय अजून. माझी बाई चुकली, कारण मी चुकले. हिची बाई स्वतः चुकते. तिला लाज वाटते, ती लपवते, परत चालायला लागते. हे माझ्या गेममध्ये कुठे होतं? मला ते सुचलं नव्हतं आणि सुचलं असतं तरी जमलं नसतं. माझ्या नावावर हे खपवू नका."

निर्माते दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. "मग हे ठेवायचं ते कोणाच्या शब्दावर?"

आईने खुर्ची जरा मागे सरकवली आणि बारकीकडे पाहिलं. तिला स्वतःला फार बोलावंसं वाटत होतं.

"माझ्या," बारकी म्हणाली. आवाज जरा चिरकला, म्हणून तिने पुन्हा नीट सांगितलं. "माझ्या शब्दावर. ती बाई मी केलीय."

"आणि लोकांनी नावं ठेवली तर?"

"मला ठेवतील."

निर्मात्यांनी पेन खाली ठेवलं आणि मग वाऱ्याचा विषय काढला, तो डावीकडूनच का. बारकीने खुर्ची पुढे ओढली आणि कारण सांगायला लागली, कंदिलाची ज्योत, शालीचा पदर, जिन्याचं वळण. आई कान देऊन ऐकत होती. त्या सगळ्यात तिचं नाव एकदाही आलं नाही, आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.